दोन शून्यांमधला किनारा

इतिहास विभागाच्या तिसऱ्या मजल्यावर, उत्तरेकडे खिडक्या असलेल्या खोलीत एक लांब, उतरतं टेबल होतं. त्या टेबलाशी बाई बावीस वर्षं उभ्या होत्या. बसून नकाशा काढणाऱ्याची रेघ मनगटातून येते आणि उभं राहून काढणाऱ्याची खांद्यातून, असं त्यांचं म्हणणं होतं. खांद्यातून आलेली रेघ थरथरत नाही. विभागात त्यांना सगळे 'नकाशेवाल्या बाई' म्हणत. लेखक, तपासनीस, टंकलेखक येत आणि जात. बाई, त्यांचं भिंग आणि त्यांचं पितळी कर्कटक मात्र जिथल्या तिथे.

त्या वर्षी युद्धाच्या अधिकृत इतिहासाची दुसरी आवृत्ती निघायची होती. मजकूर तोच ठेवायचा आणि नकाशे नव्याने काढायचे, असं वरून ठरलं होतं. चौथा खंड समुद्रातून किनाऱ्यावर उतरलेल्या फौजांचा. त्यात चौदा नकाशे, आणि सहावा बाईंच्या स्वतःच्या शहराचा: धक्का, धक्क्याच्या उत्तरेची वाळू आणि वाळूपासून दोनशे मीटर समुद्रात, किनाऱ्याला समांतर पडलेला वाळूचा दांडा.

त्या नकाशासमोरच्या पानावर, म्हणजे पान दोनशे बारावर, एक वाक्य होतं. बाईंना ते लग्न झाल्यापासून पाठ होतं. 'स्थानिक भरतीमापकाने पुरवलेले पाण्याच्या उंचीचे आकडे सदोष असल्याने पहिल्या फेरीतील सात बोटी दांड्यावर अडकल्या आणि दांड्यामागील खोल पाण्यात उतरावे लागल्याने एक्केचाळीस सैनिक बुडाले.'

भरतीमापकाचं नाव वाक्यात नव्हतं, आणि त्याची गरजही नव्हती. गावात एकच विहीर असली की पाणी कुठून आणलं हे कोणी विचारत नाही. बंदरात भरतीची पट्टी वाचणारा माणूस एकच होता, आणि तो बाईंचा सासरा होता.

शहर शत्रूच्या ताब्यात होतं तेव्हा सासरे तिशीत होते. धक्क्याच्या दगडी खांबाला आकडे रंगवलेली लाकडी पट्टी ठोकलेली असे. तिच्यावर पाणी कुठवर आलंय ते दिवसातून सहा वेळा वाचायचं आणि वहीत लिहायचं, ही त्यांची नोकरी. वही शत्रूच्या बंदर अधिकाऱ्याच्या टेबलावर जाई. तेच आकडे सासरे एका चिटोऱ्यावरही उतरवत आणि ते चिटोरं मासेमारीच्या होडीतून आपल्या लोकांकडे पोचवत. असं त्यांनी आठ महिने केलं. सापडले असते तर चौकशीही झाली नसती. सरळ भिंतीशी उभं करून गोळी घातली असती. यातलं अवाक्षर इतिहासात नव्हतं. इतिहासात फक्त ते 'सदोष' होते.

युद्धानंतर सातव्या वर्षी पुस्तक निघालं. सासऱ्यांना कोणी मारलं नाही की शिव्या दिल्या नाहीत; नोकरीही राहिली. लोक जरा हळू आवाजात बोलू लागले, इतकंच. निवृत्त झाल्यावर सासऱ्यांनी समुद्राकडे पाठ फिरवली ती कायमचीच. घरापासून धक्का दहा मिनिटांवर, पण ते फिरायला जात ते उलट्या दिशेने, टेकडीकडे.

बाईंनी विभागात हे नातं कधी सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं.

सहावा नकाशा काढायला घेतला तेव्हा त्यांच्यापुढे दोन जुने कागद होते. एक जमिनीच्या मोजणी खात्याचा नकाशा, दुसरा आरमाराचा सागरी नकाशा. इथे थोडं थांबून एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. जमीन मोजणारे लोक उंची मोजतात ती समुद्राच्या सरासरी पातळीपासून. भरती-ओहोटीची सगळी सरासरी काढली की जी पातळी येते, ते त्यांचं शून्य. समुद्र मोजणारे लोक मात्र शून्य धरतात सगळ्यात खोल ओहोटीच्या पाण्यावर, म्हणजे खलाशाला नकाशात दिसेल त्याहून कमी पाणी सहसा कधीच मिळू नये. एकाने जमिनीवर उभं राहून उंची मोजावी आणि दुसऱ्याने स्टुलावर, तसं हे. दोघंही बरोबर. दोघांचे आकडे एकत्र केले की मात्र घोटाळा. एरवी तसं होत नाही, कारण जमीनवाले जमिनीवर राहतात आणि समुद्रवाले समुद्रात. फक्त भरती-ओहोटीमधली वाळूची पट्टी, जी अर्धा दिवस जमीन असते आणि अर्धा दिवस समुद्र, ती दोन्ही खात्यांच्या नकाशांत येते.

आणि फौजा उतरतात त्या नेमक्या त्याच पट्टीवर.

सागरी नकाशात दांड्याच्या माथ्यावर एक आकडा होता, एक दशांश एक, आणि त्याखाली रेघ. रेघ असलेला आकडा म्हणजे ओहोटीला उघडी पडणारी जागा: शून्याच्या एक मीटर दहा वर. जमिनीच्या नकाशात त्याच दांड्यावर लिहिलं होतं उणे शून्य दशांश दोन, म्हणजे सरासरी पाण्याच्या वीस सेंटिमीटर खाली. दोन शून्यांमधलं अंतर या बंदरात एक मीटर तीस. हिशेब चोख जुळत होता. बाईंनी तो कागदाच्या कडेला मांडला आणि भिंग बाजूला ठेवून पहिल्या आवृत्तीचा नकाशा जवळ ओढला.

त्या जुन्या नकाशात दांड्यावर उणे शून्य दशांश दोन छापलं होतं, आणि कोपऱ्यात 'पाणी, पहाटे पाच: दोन दशांश एक'. हा दुसरा आकडा भरतीच्या पट्टीवरचा, म्हणजे समुद्राच्या शून्यावरून. शून्य कुठलं, याची टीप कुठेच नव्हती.

बाईंना दिसलं: दोन वेगळ्या शून्यांवरचे आकडे एकाच नकाशात बसले होते. मग त्यांनी दप्तरखान्यात अर्ज टाकला: त्या मोहिमेच्या आराखड्याचे मूळ कागद हवेत. कारकुनाने सांगितलं, नकाशा काढायला आराखडा लागत नाही. त्यांनी दुसरा अर्ज टाकला. तो म्हणाला, साहेबांची सही हवी. त्यांनी सही आणली. तो म्हणाला, पेटी वरच्या फळीवर आहे आणि शिडी दुरुस्तीला गेलीय.

"मी माझं टेबल आणते," बाई म्हणाल्या. "त्यावर चढून काढा. नाहीतर मी चढते."

तो टेबलाच्या लांबीचा विचार करून उठला आणि कुठूनशी शिडी घेऊन आला.

पेटीत एक पिवळा कागद निघाला. त्यावर पेन्सिलीने, घाईत केलेली बेरीज: 'पाणी २.१, दांडा ०.२ खाली, एकूण २.३. बोटीस लागणारे १.२५. पुरेसे.' खाली आराखडा करणाऱ्या कॅप्टनची पूर्ण सही. खरं पाणी किती असणार होतं? दोन दशांश एकमधून एक दशांश एक वजा करा. एक मीटर. बोटी अडकणारच होत्या.

घरी जाताना बाई एक थांबा आधीच उतरल्या आणि चालत गेल्या. सासरे खिडकीशी बसून टोमॅटोच्या रोपाला काठी बांधत होते. नवरा कामावरून आला होता. तो बंदरात क्रेन चालवायचा, आणि दिवसभर उंचावर एकटं बसून साठलेलं बोलणं घरी येऊन मोकळं करायचा.

बाईंनी सगळं सांगितलं. कागदावर दोन शून्यं काढून दाखवली. नवऱ्याने हातातला कप खाली ठेवला.

सासऱ्यांनी मात्र दोऱ्याची गाठ मारली, ओढून पाहिली आणि म्हणाले, "सूनबाई, तू हुशार आहेस. पण चूक माझीच होती."

"बाबा, हा कागद बघा ना."

"कागद बघितला. त्या आधीच्या वर्षी एका मालवाहू पडावाने धक्का दिला आणि पट्टी निखळली. नवी मीच ठोकली, एकट्याने. हिवाळ्याचे दिवस, कमरेएवढं पाणी. फौजा उतरल्या त्या दिवशी पहाटे पाचला मी पट्टी वाचली होती. गोळे पडत होते तरी वाचली. दोन दशांश एक होतं, मी सांगितलं होतं तेवढंच. आणि समोर बोटी अडकलेल्या. मग पट्टीच चुकीची असणार ना? शून्यच खाली ठोकलं गेलं असणार."

बाईंना एकदम कळलं, की माणूस अडतीस वर्षं पुस्तकावर रागावला नव्हता. त्याने पुस्तकाशी सहमती दाखवली होती.

"तुम्ही हे कधी मोजून पाहिलंत?" त्यांनी विचारलं.

"कशाला? चूक झाली तर झाली. ती किती सेंटिमीटरची, हे कळून काय करायचंय?"

"घोडं इथेच पेंड खातंय," नवरा म्हणाला. "बाबा, तुम्ही बाजारात वांगीसुद्धा दोनदा वजन करून घेता."

"वांगी वेगळी."

"हो, वांग्याने कोणी बुडत नाही," नवरा म्हणाला, आणि मग आपण काय बोललो हे कळून त्याने पुन्हा कप उचलला.

पट्टी केव्हाच गेली होती. त्या जागी आता धातूच्या पेटीतलं यंत्र होतं. पण खांब तोच होता, आणि ज्या खिळ्यांनी पट्टी ठोकली होती त्यांची बुडं दगडात असतील तर सासऱ्यांचं शून्य अजून मोजता येण्यासारखं होतं. बंदराच्या मूळ बांधकामाच्या नकाशात लिहिलेलं होतं: धक्क्याच्या पायरीवरच्या बेंचमार्कपासून, म्हणजे दगडात कोरलेल्या उंचीच्या खुणेपासून, पट्टीचं शून्य तीन मीटर वीस खाली. सगळ्यात खालचा खिळा पट्टीवरच्या वीस सेंटिमीटरच्या रेघेवर असायचा, हे सासऱ्यांच्या पक्कं लक्षात होतं. म्हणजे तो खुणेपासून बरोबर तीन मीटर खाली सापडायला हवा. पण इतक्या खालचं दिसणार फक्त अमावस्येच्या ओहोटीला. अमावस्या तेवीस तारखेला. नकाशे छपाईला जाणार सव्वीसला.

"तू आणि तो जाऊन मोजा," सासरे म्हणाले. "मी नाही येत."

"तिथे खिळ्यांच्या दोन रांगा असतील," बाई म्हणाल्या. "एक जुनी, एक तुमची. तुमची कुठली, हे मला कोण सांगणार? खांब?"

तीन दिवस हा विषय कोणी काढला नाही. चौथ्या दिवशी त्यांनी नवऱ्याला विचारलं, "तुझे ते रबरी बूट माझ्या मापाचे आहेत का?"

तेवीसला सकाळी तिघे धक्क्यावर गेले. बाईंनी विभागाच्या भांडारातून लेव्हलचं यंत्र, म्हणजे उंचीतला फरक मोजायची तिवईवरची दुर्बीण, आणि चार मीटरची मोजपट्टी सही करून आणली होती. सासरे पायऱ्यांपर्यंत आले आणि पाण्याकडे न बघता आधी खांबाकडे बघत राहिले, एखाद्या जुन्या ओळखीच्या माणसाकडे बघावं तसे. ओहोटी पार खाली गेली होती. दूरवर दांड्याची ओली पाठ दिसत होती.

खांबाच्या तळाशी शेवाळ खरवडल्यावर गंजलेली बुडं दिसली. दोन रांगा, हातभर अंतरावर.

"डावी जुनी," सासरे लगेच म्हणाले. "उजवी माझी. माझे खिळे चौकोनी होते. गोल मिळाले नव्हते."

नवरा शिडीवरून खाली उतरला आणि उजवीकडच्या सगळ्यात खालच्या बुडावर मोजपट्टी उभी धरली. बाईंनी आधी बेंचमार्कवर मोजपट्टी ठेवून यंत्रातून वाचन घेतलं होतं: शून्य दशांश शहाऐंशी. वहीत लिहून त्यांनी सासऱ्यांना दाखवलं. आता खाली तीन मीटर जास्त, म्हणजे तीन दशांश शहाऐंशी आलं तर भरतीची पट्टी बरोबर. कमी-जास्त आलं तर तेवढी चूक. त्या यंत्राला डोळा लावायला वाकल्या.

"थांब," सासरे म्हणाले. "तू वाचू नकोस. तू वाचलंस तर मला वाटेल, तू माझ्यासाठी वाचलंस."

त्या बाजूला झाल्या. सासऱ्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, एक डोळा मिटला आणि दुसरा यंत्राला लावला. नवरा खालून ओरडला, "बाबा, लवकर, माझा बूट भरतोय."

"सरळ धर. डावीकडे झुकलास."

"हं."

"अजून."

बाई सासऱ्यांच्या मानेकडे बघत होत्या. सासऱ्यांनी वाचलं, डोळा बाजूला केला, पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा वाचलं. पट्टी वाचणाऱ्याची सवय. एकदा वाचलेला आकडा ते आकडा मानत नसत.

"तीन पंच्याऐंशी," ते म्हणाले.

बाईंनी लिहिलं. शहाऐंशी हवं होतं, पंच्याऐंशी आलं. एक सेंटिमीटर. तेही पट्टी तेवढी वर ठोकली गेली होती; म्हणजे पट्टी सांगायची त्याहून पाणी खरं तर बोटभर जास्तच असायचं.

"म्हणजे मी पाणी कमी सांगत होतो," सासरे सावकाश म्हणाले. "जास्त नाही. कमी."

"एक सेंटिमीटर," बाई म्हणाल्या.

"एकट्याने ठोकली होती," ते म्हणाले. "थंडी होती फार." एवढं बोलून ते पायरीवर बसले. नवरा वर आला, बूट काढून पाणी ओतलं आणि त्यांच्या शेजारी बसला.

संपादक हे लष्करातून निवृत्त झालेले कर्नल. माणूस वाईट नव्हता, पण छापून झालेल्या वाक्याला हात लावणं त्यांना सही झालेल्या तहाला हात लावण्यासारखं वाटे. बाईंनी सहावा नकाशा त्यांच्यापुढे ठेवला. डाव्या कोपऱ्यात ठळक टीप होती: 'सर्व आकडे खोल ओहोटीच्या शून्यावरून'. दांड्यावर एक दशांश एक. पाणी दोन दशांश एक.

"सुरेख," कर्नल म्हणाले, मग थबकले. "पण बाई, यावरून तर दांड्यावर एकच मीटर पाणी होतं असं दिसतं."

"एकच होतं."

"मजकुरात तसं नाही."

"नाही."

कर्नलसाहेबांनी नकाशा ठेवला. "दुसऱ्या आवृत्तीत फक्त मुद्रणदोष सुधारायचे असं ठरलंय. इतिहास लिहून झालाय, बाई."

"नकाशा झालेला नाही, साहेब. शून्य लिहिल्याशिवाय माझा नकाशा या खोलीबाहेर जात नाही. आणि शून्य लिहिलं की ही वजाबाकी चौथीतली पोरंही करतील."

"तळटीप टाकू."

"तळटीप कोण वाचतं? वर 'सदोष' आणि खाली बारीक अक्षरात 'नव्हते'. वाक्यच बदलायला हवं." त्यांनी पिवळा कागद आणि मोजणीची वही पुढे सरकवली.

कर्नलसाहेबांनी बेरीज स्वतः करून पाहिली. मग वही उलटत म्हणाले, "ही मोजणी करायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं? हा भरतीमापक तुमचा कोण?"

"सासरे."

"आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही नकाशा दुसऱ्या कोणाला दिला असता."

"दिला असता," कर्नल म्हणाले. "आणि योग्यच केलं असतं." त्यांनी फोन उचलला आणि मोजणी खात्याला सांगितलं की उद्याच्या ओहोटीला एक अनोळखी मोजणीदार पाठवा, आणि काय यायला हवं ते त्याला अजिबात सांगू नका.

बाईंना हे आवडलं. त्यांनीही हेच केलं असतं.

पंचवीसला दुपारी मोजणीदाराचा कागद आला. त्यातही तोच एक सेंटिमीटर होता. संध्याकाळच्या आत कर्नलसाहेबांनी नवं वाक्य टाइप करून बाईंच्या टेबलावर पाठवलं. 'स्थानिक भरतीमापकाने शत्रूच्या ताब्यातील बंदरातून जिवावर उदार होऊन पुरवलेले आकडे अचूक होते. आराखडा करताना कॅप्टन—' आणि पुढे पूर्ण नाव, '—यांनी दोन वेगवेगळ्या शून्यांवरून मोजलेले आकडे एकत्र केल्याने सात बोटी दांड्यावर अडकल्या व एक्केचाळीस सैनिक बुडाले.' शेजारी पेन्सिलीने: 'सकाळी दहापर्यंत मंजुरी द्यावी.'

बाईंनी प्रूफ घरी नेलं. सासऱ्यांनी ते जेवणाच्या टेबलावर पसरून वाचलं, बोट फिरवत. 'अचूक' या शब्दावर बोट थांबलं. मग पुढे गेलं आणि नावावर पुन्हा थांबलं.

"हा जिवंत आहे?"

"माहीत नाही. असतील तर तुमच्याच वयाचे."

"नाव खोड."

"बाबा, बेरीज त्यांनीच केलीय. सही आहे."

"असू दे."

"मग चूक कोणाची म्हणायची? अडतीस वर्षं तुम्ही—"

"माझं तर नावही नव्हतं छापलेलं," सासरे म्हणाले. "तरी पुरलं. त्याचं तर नावानिशी. त्यालाही सून असेल. कोण जाणे, तीही कुठेतरी कसलं तरी काम करत असेल, आणि लोक तिला ओळखत असतील."

"मग काय लिहायचं? चूक झालीच नाही म्हणून?" बाईंचा आवाज चढला. त्या घरात सहसा चढत नसे. "चूक कशी झाली हे पूर्ण येणार, बाबा. त्यातला एक शब्द मी काढू देणार नाही. पुढे कोणीतरी असा आराखडा करायला बसेल, त्याला ते वाचायला मिळालं पाहिजे."

"चूक पूर्ण येऊ दे की," सासरे म्हणाले. "शून्यं दोन होती, ते लिही. बेरीज लिही. अक्षर अन् अक्षर लिही. माणूस लिहू नकोस."

नवऱ्याने दोघांकडे बघितलं. "हे बरं आहे," तो म्हणाला. "एकाला काढायचं म्हणून दुसऱ्याला आत टाकायचं, असं नको. मला पटलं."

"तुला कोणी विचारलं?" सासरे म्हणाले.

बाईंनी प्रूफ स्वतःकडे ओढलं. ती सही त्यांनी स्वतः शोधली होती, शिडीसाठी कारकुनाशी भांडून. ती सोडून देणं त्यांच्या जिवावर आलं होतं. पण समोर बसलेल्या माणसाला या बाबतीतला अधिकार त्यांच्याहून जास्त होता, हेही त्यांना कळत होतं. त्यांनी पर्समधून लाल पेन्सिल काढली. 'कॅप्टन'पासून 'यांनी'पर्यंत एक सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं: 'जमिनीच्या नकाशातील दांड्याची खोली व भरतीच्या पट्टीवरील पाण्याची उंची हे'. मग वाक्य पहिल्यापासून वाचून पाहिलं. आता त्यात कोणी माणूस नव्हता आणि चूक मात्र लख्ख दिसत होती.

सकाळी पावणेदहाला त्यांनी प्रूफ कर्नलसाहेबांच्या टेबलावर ठेवलं.

"नाव का काढलंत?" त्यांनी विचारलं. "तुमच्याकडे पुरावा होता. कोणी आक्षेप घेऊ शकला नसता."

"भरतीमापकाने सांगितलं."

"आणि तुम्ही ऐकलंत? माझं तर दोन दिवसांत एक ऐकलं नाहीत."

"त्यांचे आकडे तपासून झालेत, साहेब," बाई म्हणाल्या.

कर्नलसाहेबांनी सही केली. प्रूफ छपाईला गेलं, आणि बाई तिसऱ्या मजल्यावर जाऊन सातव्या नकाशाचे कागद उलगडून उभ्या राहिल्या.